दोन्ही पाय टेकतात का?

प्रश्न : नमस्कार. मी ४६ वर्षांची आहे, नाशिकला पाथर्डी फाट्याला राहते आणि सातपूरला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. इतकी वर्षं कंपनीच्या बसने जायचे, ती बंद झाली, रोजची रिक्षा परवडत नाही म्हणून स्कूटर घ्यायची ठरवलीय. उंची पाच फूट. लहानपणी सायकल चालवलीय, गाडी कधीच नाही. मिस्टर म्हणतात घ्यायचीच तर १२५ सीसीची घे, पिकअप चांगला असतो, भाचा म्हणतो इलेक्ट्रिक घे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, पार्किंगमध्ये चार्जिंगला पॉइंट नाही. शोरूमच्या कोटेशनमध्ये ‘हँडलिंग चार्जेस’ आणि अ‍ॅक्सेसरीज लावून रक्कम बरीच वाढलीय, ती द्यावीच लागते का? गाडी पाडव्याला दारात हवीय.
– एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : ताई, सीसी, मायलेज, रंग हे सगळं नंतर. आधी शोरूममध्ये जाऊन गाडीवर बसा, गाडी स्टँडवरून काढायला लावा आणि दोन्ही पाय जमिनीला टेकतात का ते बघा, नुसती बोटं नाही, चवडे नीट टेकले पाहिजेत. आणि कामावर जाताना जी चप्पल घालता तीच घालून जा, कारण अर्ध्या इंचाचा पण फरक पडतो.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे नवीन शिकणाऱ्याची गाडी पळताना पडण्यापेक्षा थांबताना, वळवताना, मागे घेताना जास्त पडते. माझ्या मामींना आम्ही सगळ्यांनी मिळून १२५ घ्यायला लावली होती. त्यांच्या पार्किंगमधून बाहेर पडायला छोटासा उतार आहे, तिथे गाडी मागे घेताना त्यांचा पाय पुरला नाही, गाडी कलली आणि त्यांना धरवलीच नाही, मनगट महिनाभर प्लास्टरमध्ये. त्यानंतर त्या गाडीला हात लावायला पण घाबरायच्या, शेवटी आठ महिन्यांत विकून टाकली. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण गाडीत काहीच खोट नव्हती, फक्त ती त्यांच्या मापाची नव्हती.

आता आकडे. अ‍ॅक्टिव्हा ११० चं वजन साधारण १०६ किलो, सीटची उंची ७६४ मिलीमीटर. अ‍ॅक्सेस १२५ ची सीट ७७३. यामाहाची फॅसिनो १२५ वजनाला फक्त ९९ किलो, म्हणजे १२५ म्हटली की जडच असते असं काही नाही, पण तिची सीट ७८० आहे, म्हणजे ढकलायला हलकी आणि पाय टेकायला उंच. शिवाय सीट रुंद असली की पाय फाकतात आणि तेवढीच उंची कमी पडते, हे कागदावर कळत नाही, बसूनच बघावं लागतं. बसून झालं की गाडी बंद ठेवून दहा पावलं मागे ढकलून बघा. मग डबल स्टँड लावा. ते हाताच्या ताकदीने उचलायचं नसतं, डाव्या हाताने हँडल सरळ धरायचं, उजव्या हाताने मागचं ग्रॅब रेल म्हणजे सीटमागचा दांडा, स्टँडची दोन्ही टोकं जमिनीला लागली की उजव्या पायाने अंगाचा पूर्ण भार स्टँडवर टाकायचा, गाडी आपोआप वर चढते. तीनदा करून बघा, जमलं तर ती गाडी तुमची.

मिस्टरांना सांगा की पाथर्डी फाटा ते सातपूर एकटीने जायला ११० चा पिकअप भरपूर आहे. तुमच्या रस्त्याला पिकअपपेक्षा खड्ड्यांचा विचार जास्त करा, पावसाळ्यात अंबड लिंक रोडने गेलात की कळेलच. ज्युपिटरला दोन्ही चाकं १२ इंची आहेत, अ‍ॅक्टिव्हा ११० ला पुढे १२ आणि मागे १०, मोठं चाक खड्ड्यात कमी आपटतं. माझं मत विचाराल तर उंचीला जमली तर ज्युपिटर ११०, नाही तर अ‍ॅक्टिव्हा.

इलेक्ट्रिक वाईट नाही, तुमच्या रोजच्या अंतराला तर उत्तमच, पण आयक्यूब, चेतक, एथर या गाड्यांची बॅटरी काढून घरात नेता येत नाही, त्यामुळे पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून पॉइंट घ्यायला सोसायटीची परवानगी मिळाल्याशिवाय बुकिंग करू नका. वरून वायर सोडायचा विचार तर अजिबात नको.

कोटेशनचं बोलायचं तर ते लेखी आणि प्रत्येक रक्कम वेगळी लिहून मागा. एक्स-शोरूम किंमत, आरटीओचा टॅक्स आणि नोंदणी, इन्शुरन्स, मुख्य खर्च एवढाच. हँडलिंग चार्जेस हे सरकारी देणं नाही, नाही म्हणा, ठामपणे म्हणा. अ‍ॅक्सेसरीज हव्या तेवढ्याच घ्या. आयएसआयचं हेल्मेट गाडीसोबत देण्याचा नियम आहे, ते मागून घ्या. थर्ड पार्टी इन्शुरन्स, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, नवीन गाडीला पाच वर्षांचा सक्तीचा आहे, त्याचा दर ७५ ते १५० सीसीला टॅक्स सोडून ३,८५१ रुपये. पॉलिसी शोरूमकडूनच घ्यायला पाहिजे असं नाही, बाहेर चौकशी करा. आणि कोटेशन जुनं असेल तर नवीन मागा, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय.

लर्निंग लायसन्स आजच काढा, त्यानंतर ३० दिवसांनी पेठ रोडला आरटीओत पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. आणि पाडव्याच्या दिवशी शोरूममध्ये इतकी गर्दी असते की गाडी कोणी नीट तपासूनही देत नाही, म्हणून दोन दिवस आधी दुपारी निवांत जाऊन चासी नंबर, टायर, लाइट, ब्रेक बघून ठेवा. पाडव्याला फक्त हार, नारळ आणि पेढे.