घरात एकच लॅपटॉप, आणि मुलीला शिकायचे आहे लिनक्स

कराडहून एका पालकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात एकच लॅपटॉप आहे (विंडोज ११, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी) आणि त्यांच्या खते-बियाण्यांच्या दुकानाचा टॅलीवरचा हिशोबही त्याच लॅपटॉपवर असतो. मुलीला त्यावर विंडोजच्या जोडीला लिनक्स (विंडोजसारखीच संगणक चालवणारी दुसरी प्रणाली) टाकायचे आहे, आणि दुरुस्तीवाला म्हणतो की विंडोज उडेल. हे धाडस तिच्या करिअरसाठी खरोखर गरजेचे आहे, की त्याऐवजी एखादा सर्टिफिकेट कोर्स लावावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

महोदय,

आपली काळजी रास्त आहे, आणि आपल्या मुलीची मागणीही तितकीच रास्त आहे. नीट तयारी केली तर विंडोज जागेवर राहते, टॅली जागेवर राहते आणि लॅपटॉप सुरू करताना दोन्हींपैकी काय हवे ते विचारणारा मेनू समोर येतो. मात्र घाईने केले तर दुरुस्तीवाल्याचे म्हणणे खरे ठरू शकते.

आधी करिअरविषयी लिहितो. इंटरनेटवरचे बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात, अँड्रॉइडच्या गाभ्याशी लिनक्सच आहे, आणि जगातल्या ५०० सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालते आहे. सर्व्हर सांभाळणे, क्लाउड, सायबर सुरक्षा, डेटा यांपैकी कोणतीही वाट धरली तरी टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याच्या खिडकीवर, हात बसलेला असावाच लागतो, आणि तो रोजच्या वापरानेच बसतो. रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए ही प्रमाणपत्र परीक्षासुद्धा पर्याय निवडण्याची नसून प्रत्यक्ष यंत्रावर काम करून दाखवण्याची असते. म्हणून कोर्सची फी आज भरू नका. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे पाठ विनामूल्य आहेत आणि मराठीतही आहेत. तिने वर्षभर त्यांवर काम करावे, मग प्रमाणपत्राचा विचार करता येईल.

विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची डब्ल्यूएसएल ही सोय आहे, हेही सांगायला हवे. आज्ञा शिकण्यापुरती ती पुरेशी आहे, आणि पहिला महिनाभर तिने तीच वापरावी असे मला वाटते. पण संगणक सुरू कसा होतो, पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) म्हणजे काय, ड्रायव्हर (वाय-फायसारखे भाग चालवणारा प्रोग्राम) का रुसतो, हे डब्ल्यूएसएलमध्ये फारसे दिसत नाही. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे विंडोजच्या आत चालणारा आभासी संगणक, ८ जीबी रॅममध्ये चालते, पण रखडत चालते. त्यामुळे महिन्याभरानंतरही तिची ओढ टिकून असेल, तर ड्युअल बूट, म्हणजे एकाच लॅपटॉपवर दोन्ही प्रणाली, करू द्यावे.

त्याआधी टॅलीचा पूर्ण बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही. विंडोज पुन्हा टाकता येईल असा किमान ८ जीबीचा पेनड्राइव्हही तयार ठेवा. जीएसटीचे मासिक विवरणपत्र (जीएसटीआर-३बी) भरत असाल तर २० तारखेच्या आधीचे दिवस आणि मुलीच्या परीक्षेचा आठवडा टाळा.

सर्वांत जास्त लोक जिथे अडकतात ती जागा वेगळीच आहे. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने कुलूपबंद (एन्क्रिप्ट) झालेली असते, आणि बूटच्या (लॅपटॉप सुरू होण्याच्या) मांडणीत बदल दिसताच विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जतन झालेली असते. पण ते खाते कधी कधी लॅपटॉप विकणाऱ्यानेच उघडून दिलेले असते आणि त्याचा पासवर्ड घरात कोणालाच ठाऊक नसतो. ही की सापडून वहीत उतरवली जाईपर्यंत पुढचे पाऊल टाकू नका. की नसेल आणि कुलूप लागले, तर डिस्कवरचा हिशोब परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही. की हाती आल्यावर विंडोजच्या सेटिंग्जमधून हे एन्क्रिप्शन बंद करावे, कारण ते चालू असताना उबंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रचलित प्रकार) चा इन्स्टॉलर विंडोजशेजारी जागा करून देत नाही.

पुढचे काम त्या मानाने सरळ आहे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सुमारे १०० जीबी जागा मोकळी करावी. उबंटूला किमान २५ जीबी पुरतात, पण शिकणाऱ्याला ऐसपैस जागा हवी. न हलणाऱ्या फायलींमुळे विंडोज कमी जागा देऊ करेल, तेव्हा जबरदस्ती करू नये. विंडोजमधले फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) बंद करावे, कारण त्यामुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि मग लिनक्समधून त्या पार्टिशनवर लिहिता येत नाही. उबंटू २४.०४ पेनड्राइव्हवरून आधी नुसते चालवून पाहावे. वाय-फाय आणि आवाज चालतो का ते तिथेच कळते. इन्स्टॉल करताना ‘विंडोजच्या शेजारी’ हा पर्याय निवडावा; संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय त्याच पडद्यावर असतो, म्हणून त्या वेळी आपण तिच्या शेजारी बसावे. इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही, तर बायोसमधले (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमधले) स्टोरेजचे सेटिंग परस्पर बदलू नका, कारण तसे केल्याने विंडोज सुरू होणे थांबू शकते. तिथेच थांबून मला लॅपटॉपचे मॉडेल कळवा.

हे काम दुरुस्तीवाल्याकडून करून घेऊ नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. तयारी, टिपणे आणि चुका तिच्याच हातून होऊ द्या.

लिनक्स वापरून पुन्हा विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले दिसले, तर घाबरू नका. लिनक्स हार्डवेअरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजते. लिनक्समध्ये एका ओळीच्या आज्ञेने हे दुरुस्त होते; ती आज्ञा शोधून स्वतः देणे, हे तिचे टर्मिनलवरचे पहिले काम होऊ द्या.