गेन कमी, मिडल जास्त

इलेक्ट्रिक गिटारवर एसी/डीसी या रॉक बँडसारखा आवाज हवाय ना, मग आधी अँपचा गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब) निम्म्यावर आण. जितकं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचं फाटणं, जास्त तितका रॉक, असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं. पण त्यांचा गिटारिस्ट अँगस यंगची एसजी गिटार नीट कान देऊन ऐक, कॉर्डमधली एकेक तार वेगळी कळते. जुन्या मार्शल सुपर लीड अँपला मास्टर व्हॉल्यूम (शेवटी एकूण आवाज किती ते ठरवणारा नॉब) नव्हताच. अँप मोठ्याने वाजला की पॉवर व्हॉल्व्हही (स्पीकरला ताकद देणाऱ्या काचेच्या नळ्या) ताणले जायचे, आणि तो करकरीतपणा बराचसा तिथून यायचा. घरी ते शक्य नाही, म्हणून गेन बेताचा आणि मास्टर शेजारी सहन करतील तितका वर.

मिडल, म्हणजे मधल्या सुरांचा नॉब, मात्र अजिबात कापू नकोस! १० पैकी ७ वर ठेव. बेस ४, ट्रेबल ६ पासून सुरू कर. मिडल कापलेला आवाज खोलीत एकट्याला भारी वाटतो, पण ड्रम आणि बेस गिटार सुरू झाले की गिटार गायब. प्रेझेन्स, म्हणजे अगदी वरच्या सुरांची धार, सगळ्यात शेवटी लाव.

गिटारवरचा व्हॉल्यूम नॉबही वापर. सोलोला १०, ऱ्हिदमला ६-७. आवाज आपोआप स्वच्छ होतो. आता ब्रिज पिकअपवर (तारा जिथे बॉडीवर टेकतात त्याजवळचा पिकअप) ओपन ए कॉर्ड एकदा जोरात मार, एकदा हळू. दोन्हींत फरक जाणवला नाही तर गेन अजूनही जास्तच आहे.