सिकलसेल कायमचा बरा होते म्हणतात, वावर विकू का?

प्रश्न : नमस्कार मॅडम, माहा पोरगा चौथीत आहे, सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार आहे त्याले, एसएस पॅटर्न (आईबाप दोघांकडून सिकलचा जीन आला), रुग्णाचं लाल कार्ड. सात-आठ महिन्याचा होता तेव्हा हाताचे बोटं अन पायाचे पंजे टम्म सुजले, तिथून जे सुरू झालं ते आजपर्यंत. आता मोबाईलवर व्हिडिओ आला का जीन बदलून सिकल कायमचा बरा होते, एकच सुई. दोन एकर धानाचं वावर आहे, विकाले तयार आहो. कुठं जाऊ?
– एक बाप, कुरखेडा तालुका

उत्तर : भाऊ, आधी वावर विकू नका, मग बाकीचं वाचा.

उपचार खरा आहे. २०२३च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेने कॅसजेवी नावाच्या या जीन उपचाराला मंजुरी दिली, १२ वर्षांवरच्या पेशंटसाठी, आणि चाचणीत ज्या ३१ जणांकडे पुरेसे दिवस लक्ष ठेवता आलं त्यातल्या २९ जणांना सलग वर्षभर तरी जोराचा दुखण्याचा अटॅक आला नाही, ही साधी गोष्ट नाही. पण एक सुई? अजिबात नाही. रक्तातून मूळ पेशी (ज्यांच्यापासून रक्त बनते) काढतात, लॅबमध्ये क्रिस्पर नावाच्या जीन कापायच्या कात्रीने त्यांचा जीन कापतात, मग जोरदार केमो देऊन हाडातली जुनी मज्जा साफ करतात (यात पुढे मूल न होण्याचा धोका असतो) आणि मग त्या पेशी परत सोडतात, कित्येक आठवडे दवाखान्यात. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटींच्या वर.

आता तुमच्या चिठ्ठीतली सुजलेली बोटं. पोरगा जन्मला तेव्हाच एसएस होता, मग पहिले काही महिने त्रास काहून नव्हता? कारण पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असते, ते सिकलच्या हिमोग्लोबिनला एकमेकांला चिकटू देत नाही. जन्मानंतर बीसीएल-११-ए नावाचा जीन ते हळूहळू बंद करते आणि मग सुजणं, दुखणं चालू होते. कॅसजेवी रक्ताच्या पेशींत याच जीनचं बटण कापते, म्हणजे बाळपणीचं हिमोग्लोबिन परत चालू.

आणि हे मला तुम्हाला अगदी कळकळीने सांगायचं आहे, तेच हिमोग्लोबिन वाढवायचं काम हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल करते, तेवढं पक्कं नाही, कायमचं नाही, पण करते, आणि सरकारी दवाखान्यात मिळते. १९९५च्या मोठ्या अभ्यासात मोठ्या माणसांचे दुखण्याचे अटॅक जवळपास निम्म्यावर आले होते, पुढे लहान लेकरांतही फायदा दिसला. पण रोज घ्यावी लागते आणि मधून मधून रक्ताची तपासणी, पांढऱ्या पेशी अन प्लेटलेट पाहायला. खूप घरी दुखणं थांबलं की गोळी बंद करतात, तिथेच घात होतो. पोरगा घेत नसेल तर उपजिल्हा रुग्णालयात या आठवड्यातच विचारा. पाणी भरपूर पाजा, रोवणीच्या थंड चिखलात उभा करू नका, आणि ताप, छातीत दुखणं, दम लागणं, तिल्ली अचानक वाढून पोट फुगणं यातलं काही झालं तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच न्या.

सख्खं भावंडं असेल तर एचएलए तपासणीबद्दल (दोघांची मज्जा जुळते का पाहायची रक्ततपासणी) विचारा, मॅच व्हायची शक्यता चारात एक, आणि मॅच झालं तर मज्जा बदलून सिकल बरा होऊ शकतो, भावंडं एएस (एकाच पालकाकडून सिकलचा जीन आलेलं, म्हणजे फक्त वाहक) असलं तरी चालते. आपल्याकडेही दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने बिरसा १०१ नावाचा जीन उपचार बनवला आहे, नाव बिरसा मुंडांचं, पण तो अजून दुकानात मिळणारी गोष्ट नाही. चाचणीत घेतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तो फसवते आहे, सरळ समजा.

प्रश्न : पुतणीचं जमलं, दोघंही एएस निघाले. मोडाव का?
– आरमोरी

उत्तर : ते त्या दोघांनी ठरवायचं, काकांनी नाही. दर गरोदरपणात एसएसची शक्यता चारात एक. लग्न केलं तर दिवस राहिल्याबरोबर दवाखान्यात सांगा, १० ते १२ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा तपासून बाळाचं कळते, उशीर झाला तर पर्याय कमी होतात.