वाचक विचारतात : आप्पाच्या नावाचं झाड

प्रश्न : आमचा आप्पा गेल्या माघात गेला. लग्नाचा मांडव असो की रात्री-बेरात्रीची दवाखान्याची धावपळ, न बोलावता हजर होणारा माणूस. वर्षश्राद्धाला त्याच्या नावानं जिल्हा परिषद शाळेच्या आवारात वड लावायचं आम्ही नऊ मित्रांनी ठरवलंय. पण गावात अशी लावलेली झाडं पहिल्याच उन्हाळ्यात जळतात. काय चुकतं? — एक वाचक, यावल तालुका

उत्तर : तारीख चुकते. माघात लावलेल्या रोपाची मुळं पिशवीतल्या मातीबाहेर जेमतेम निघतात, तोवर वैशाख येतो आणि पारा ४४-४५ अंशांवर जातो. खड्डा उन्हाळ्यात खणून तापू द्या, रोप दोन चांगले पाऊस झाल्यावर लावा. वर्षश्राद्धाला तिथे नावाची शिळा बसवा. शिळेला मुहूर्त चालतो, रोपाला नाही.

दुसरं, वड हवाच का? इमारतीपासून किमान ४० फूट मोकळी जागा आणि वर विजेची तार नसेल तरच लावा, नाहीतर पंधरा-वीस वर्षांनी भिंतीला तडे जातात आणि आप्पाच्या झाडावर कुऱ्हाड येते. बहुतेक शाळांना कडुनिंबच बरा. त्याला २० फूट पुरतात, जनावरं त्याला कमी तोंड लावतात आणि मुळं धरली की तो आपलं ऊन सोसतो. नवी खोली कुठे बांधायची आहे हे मुख्याध्यापकांना आधी विचारा आणि शाळा व्यवस्थापन समितीची परवानगी लेखी घ्या.

निंबाला खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल; वडाला तीन फूट. ट्रॅक्टरच्या ड्रिलनं पाडला असेल तर काळ्या मातीत त्याच्या बाजू गुळगुळीत होतात आणि मुळं आतल्या आत गोल फिरत राहतात. टिकावानं बाजू खरवडून घ्या. वरची अर्धा फूट माती वेगळी ठेवून तिच्यात दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळा. कच्चं शेण घातलं तर वाळवी लागते. रोप चार-पाच फुटांचं घ्या. पिशवी पूर्ण फाडून काढा, तळाशी मुळांचं वेटोळं असेल तर तेवढं कापा. पावसाळ्यात काळ्या जमिनीत पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून बुंध्याशी मातीची दोन-तीन इंच भर हवी. दिवाळीनंतर बुंध्यापासून दीड फुटावर गोल आळं करा.

पहिल्या हिवाळ्यात आठवड्याला १५ लिटर पाणी, फेब्रुवारीपासून आठवड्यातून दोनदा २० लिटर. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि कोवळी मुळं तुटतात. भेगा मातीनं बुजवून वर केळीच्या वाळलेल्या पानांचा चार इंच थर द्या. तुमच्याकडे त्याला तोटा नाही. थर बुंध्यापासून सहा इंच लांब ठेवा.

आता खरी गोम. मे महिन्यात शाळेला सुट्टी, फाटकाला कुलूप आणि टाकी कोरडी. नऊ जणांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही. ज्याची शेताची वाट शाळेवरून जाते अशा दोघांकडे फाटकाची किल्ली द्या, बाकीच्यांनी पाण्याचा आणि कुंपणाचा खर्च उचलावा. आधाराच्या काठीला रोप सुती चिंधीनं सैल बांधा. तार साल कापते. शेळ्यांसाठी पाच फूट उंच जाळी लागेलच. भोवतीचं तीन फुटांतलं गवत होळीआधी काढा. बांध पेटवला की आग सरकत येते.

शिळा काळ्या पाषाणाची, अक्षरं कोरलेली. नुसती रंगवलेली उन्हानं उडतात. नाव, गाव, जन्म-मृत्यूची वर्षं आणि एक ओळ पुरे. 'कैलासवासी, परमपूज्य' यांची रांग लावण्यापेक्षा लोक ज्या नावानं हाक मारत ते कोरा. देणगीदारांची यादी नको. झाडाला खिळा तर मुळीच नको.

प्रश्न : मित्र म्हणजे भाऊबंद नव्हे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आम्ही गेलेल्या मित्रासाठी घागर भरावी का? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : पितरांची घागर त्याच्या घरचे भरतील. पहिल्या वर्षाची रीत घराघरांत वेगळी असते, ती त्यांनाच विचारा. पाण्यानं भरलेल्या घटाचं दान मात्र त्या दिवशी कोणीही करावं. आणि मित्राच्या नावानं झाड लावलं असेल तर आठ-दहा लिटरचं नवं, बिनरंगाचं मडकं आणा. बुंध्यापासून एक फुटावर गळ्यापर्यंत पुरा, भरा, वर झाकण ठेवा. भोक पाडू नका, पाणी आपोआप पाझरतं. दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा भरावं लागेल. बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारानं वर्षभरात छिद्रं बुजतात, त्यामुळे दर आखाजीला मडकं बदलणं सोयीचंच. पुरताना मुळं तुटू नयेत म्हणून दुसऱ्या वर्षापासून खड्डा दीड-दोन फुटांवर घ्या.

प्रश्न : गेलेल्या मित्राचे व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप कसे जपावेत? — एक वाचक, शहादा

उत्तर : त्याचा नंबर बंद झाला तरी तुमच्या फोनमधले निरोप जात नाहीत. जातात ते फोन बदलताना, किंवा 'डिसअपिअरिंग मेसेजेस' (ठरल्या वेळेनंतर निरोप आपोआप पुसणारी सोय) चालू असताना आलेले असतील तर. ती सोय आता बंद केली तरी तसे निरोप वाचत नाहीत, म्हणून उशीर करू नका. चॅट उघडून मेनूमधून 'एक्सपोर्ट चॅट' निवडा आणि 'मीडियासह' घ्या. चॅट जुनं आणि मोठं असेल तर सगळंच येत नाही, म्हणून महत्त्वाचे निरोप एकेक करून स्वतःला ईमेलनं पाठवा. फाइलला तारीख आणि विषय लिहा, नाहीतर दोन वर्षांनी कोणता कशाबद्दल होता ते उमगत नाही. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक त्याच्या घरच्यांकडे. पण देण्याआधी विचारा. काही घरांना तो आवाज इतक्यात ऐकवत नाही.