लिंबाखाली शेकडो रोपं, मग तिकडं तीसच झाडं का?

प्रश्न : मॅडम, माझ्या नातवानं सामान्य ज्ञानाच्या पुस्तकातून वाचून दाखवलं, की इटलीच्या एका बेटावर एका जातीची फक्त तीस झाडं उरली आहेत. मला काही पटलं नाही. तीस लिंब तर आमच्या एका बांधावर निघतील. लिंबाखाली मिरगात शेकड्यानं रोपं उगवतात, उपटून फेकावी लागतात. तिथल्या लोकांना बी वेचून टाकायला काय अडचण आहे?
— एक शेतकरी वाचक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : दादा, नातवानं वाचलं ते खरं आहे. बेट सिसिली, डोंगर मादोनिये आणि झाड सिसिलीचा फर. फर म्हणजे थंड डोंगरावरचं सुईसारख्या पानांचं झाड. शास्त्रीय नाव आबिएस नेब्रोदेन्सिस. आपल्या तालीसादि चूर्णात हिमालयातल्या ज्या झाडाचं पान पडतं, त्याचं हे भाऊबंद. मोठी झाडं तीसच्या आसपास, तीही पोलिझ्झी जेनेरोझा नावाच्या गावाच्या वरच्या अंगाला, चौदाशे मीटरच्या वर, खडकाळ उतारावर विखुरलेली. जगात दुसरीकडं रानात कुठंही नाही.

एवढी कमी का झाली, हे सांगायला मला आमचा जुना वाडा आठवतो. माळवदाला सागाच्या तुळया होत्या, एकेक दोन माणसांच्या कवेत न मावणारी. आजी म्हणायची, या एका खणात अर्धं रान झोपलंय. तिकडंही तेच झालं. सरळ वाढणारं लाकूड, म्हणून चर्चच्या छपरांना याच फरच्या तुळया गेल्या. गंमत बघा, तिथले लोक त्याला ‘आर्वुलु क्रुची क्रुची’ म्हणतात, म्हणजे क्रूसा-क्रूसाचं झाड, कारण फांदीच्या टोकाच्या डहाळ्या क्रूसासारख्या फुटतात. नाव देवाचं आणि तोड देवळासाठी! १९०० च्या सुमाराला हे झाड संपलं असंच धरून चालले होते. १९५७ साली ते परत सापडलं.

आता तुमचा खरा प्रश्न, बियांचा.

मी नोकरी लागायच्या आधी दोन हंगाम जालन्याकडं मामाच्या गावी कपाशीच्या बीजोत्पादनात क्रॉसिंगच्या कामाला होते. संध्याकाळी मादी ओळीतली कळी सोलायची, पुंकेसर नखानं खरवडून काढायचे, वर लाल कागदाची पिशवी. सकाळी नर ओळीतलं फूल आणून त्यावर घासायचं आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. एक कळी सोलायची राहिली, तर ती स्वतःच्याच परागानं भरते. त्याला आम्ही ‘सेल्फ झालं’ म्हणायचो. असं बोंड सापडलं की मुकादम चारचौघांत बोलायचा. मी एकदा तीन कळ्या सोडल्या होत्या, त्या दिवशीची मजुरी निम्मी झाली. अजून राग आहे मला त्याचा.

फरला फुलांच्या जागी खवल्याखवल्यांचे शंकू येतात. नर आणि मादी शंकू एकाच झाडावर येतात आणि पराग वाऱ्यानं उडतो. दाट रान असेल तर शेजाऱ्याचा पराग मिळतो. पण तीस झाडं, तीही डोंगरभर लांब लांब, मधे दरी नाहीतर दुसरीच झाडी. मग स्वतःचाच पराग स्वतःच्या शंकूवर. घरातल्या घरात सोयरीक. शंकू भरगच्च दिसतो, झाडावरच उभा राहून खवल्या-खवल्यानं सुटतो, बीही पडतं. पण चिमटीत दाबलं की बरंचसं पोचट. भुईमुगाची शेंग फोडावी आणि आत नुसता फोलपट निघावा, तसं. जे उगवतं त्यातली बरीच रोपं सेल्फची, अंगानं अशक्त.

दुसरी भानगड माणसानं केलेली. वनीकरणात जवळपास परक्या जातीचे फर लावले गेले, युरोपच्या मुख्य भूमीवरचा आणि ग्रीसचा. त्यांचा पराग इकडं येतो आणि संकर होतो. म्हणजे तुम्ही म्हणता तसं बी वेचून टाकलं, तर उगवलेलं रोप अस्सल आहे, सेल्फ आहे की मिसळीचं, हे नुसतं बघून कळत नाही. गावरान ज्वारीचं बी राखणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून तिथं रोपांची डीएनए तपासणी करून निवड करतात.

आणि पराग? तो आता माणसं वाहून नेतात. एका झाडाचा पराग गोळा करायचा, दुसऱ्याच्या मादी शंकूंवर पिशव्या चढवायच्या आणि योग्य वेळी पराग सोडायचा. हे वाचलं तेव्हा मी मोठ्यानं हसले. इटलीतले शास्त्रज्ञ आणि आमच्या जालन्याच्या बाया, काम एकच! फक्त त्यांना शिडी लागते, आम्हाला कमरेत वाकावं लागायचं. बी आणि पराग उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये जपूनही ठेवतात. झाडांभोवती कुंपण घालावं लागतं, कारण रानडुकरं आणि हरणं. ते दुःख तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

तुमच्या लिंबाला हे काहीच लागत नाही, कारण त्याचे शेजारी गावोगाव आहेत, मधमाशा फिरतात आणि पाखरं लिंबोळ्या खाऊन बी लांब टाकतात. तरी एक करा. मिरगातली सगळी रोपं उपटू नका, दोन-चार पिशवीत भरून नातवाच्या शाळेत द्या.

प्रश्न : नर्सरीतून ‘क्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत झाड आणलंय. तो फरच का? खालच्या फांद्या वाळताहेत.
— एक वाचक ताई, परभणी

उत्तर : नाही ताई. आपल्याकडं त्या नावानं विकतात तो बहुतेक अरोकेरिया. तो प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा, फरच्या कुळातलाही नाही. खऱ्या फरला थंडी लागते, परभणीचा मे महिना त्याला झेपायचा नाही. तुमची कुंडी पश्चिमेच्या भिंतीपासून हलवा. माती बोटभर खोल कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका आणि खालच्या ताटलीत साचलेलं पाणी रोज ओता. वाळलेली फांदी परत हिरवी होत नाही, ती खोडापाशी कापून टाका. शेंडा मात्र छाटू नका.