जुन्या शक्तिमान ट्रकला १२,००० पौंडाची इलेक्ट्रिक विंच लावायची आहे, कोणत्या कंपनीची घ्यावी आणि खर्च किती येईल?

कंपनीचं नंतर बघू. आधी हे बघा की तुमची गाडी २४ व्होल्टची आहे, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला दुसरी जोडून, आणि तुम्ही पसंत केलेली विंच, म्हणजे वायर गुंडाळत फसलेली गाडी ओढणारं यंत्र, १२ व्होल्टची तर नाही ना? कारण दुकानात लगेच मिळते ती जीपवाल्यांची, १२ व्होल्टची, आणि ती घेऊन गेलात की मिस्त्री म्हणणारच, काय होतंय, एका बॅटरीवरनं लाईन काढून देतो. तिथंच त्याला थांबवा. ह्या एका वाक्यावरनं माझं आमच्या इथल्या एका मिस्त्रीशी आणि त्याच्या नादानं मावसभावाशी जे वाजलंय ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

भावाची शक्तिमान लष्कराच्या लिलावातनं सुटलेली, मग दोन हात फिरून त्याच्याकडं आली. आम्ही वाळवा तालुक्यातले, उसाचा पट्टा. गळीत हंगाम सुरू झाला की नुकतंच पाणी पाजलेल्या रानाच्या कडेला नाहीतर पाणंदीत भरलेला ट्रक बसतोच. ट्रॅक्टर जोडला की ओढता ओढता तोच चाकं फिरवून खड्डा करतो, मग दुसरा ट्रॅक्टर, मग शिव्या, तोवर टोळी बसून आणि तोडलेल्या उसाचं वजन घटतंय. तेव्हा भावाच्या डोक्यात आलं की शक्तिमान पक्क्या जमिनीवर उभी करायची आणि विंचनं ओढायचं. कल्पना एकदम बरोबर होती आणि मी आजही तेच म्हणतो. पण बसवणाऱ्यानं दोन गोष्टी केल्या, मी समोर उभा राहून नको नको म्हणत असताना केल्या.

एक, १२ व्होल्टची विंच एका बॅटरीवर टाकली. आता ह्यात काय होतं ते नीट समजून घ्या. विंच ओढणार एकाच बॅटरीतनं, पण चार्जिंग दोन्हींतनं एकत्र जाणार, कारण सिरीज आहे. जोडीतल्या एकाच बैलाला औताला जुंपायचं आणि वैरण मात्र दोघांना सारखी घालायची, तसला हिशेब. एक उपाशी राहतो, दुसऱ्याला अजीर्ण. महिनाभरात एका बॅटरीचं पाणी सारखं आटायला लागलं, मिस्त्री म्हणाला बॅटरी खराब आहे, बदला. मी मल्टिमीटर घेऊन गेलो, इंजिन चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या. विंचवाली १२.५ वर, दुसरी १५.५ च्या पुढं आणि आतनं बुडबुड आवाज. बेरीज २८, म्हणून डॅशबोर्डवर सगळं व्यवस्थित दिसत होतं, चार्जिंगलाही काही कळत नव्हतं. भावाला आकडे दाखवले तर म्हणाला मिस्त्री वीस वर्षं हेच करतोय. वीस वर्षं करत असेल, पण हा आकडा मीटरवर समोर दिसतोय ना.

दोन, विंच बंपरला वेल्डिंग करून टाकली. खाली एक पट्टी, दोन गसेट (कोपऱ्यात आधाराला लावलेले पत्रे), वर काळा रंग. दिसायला दणकट. पण मुळात फौजी बंपर धडक खाण्यासाठी असतो, म्हणजे बाहेरनं आत येणारा जोर. विंचचा जोर बरोबर उलटा, आतनं बाहेर, आणि ट्रक आडवा फसला असेल तर एका बाजूला पीळ देऊन. शिवाय शक्तिमान १९९६ ला बंद झाली, म्हणजे तुमची गाडी कितीही चांगली असली तरी लोखंड जुनं आहे, बंपर जिथं चेसिसला भेटतो तिथं दोन पत्र्यांच्या मध्ये गंज धरलेला असतो आणि तो वरनं दिसत नाही.

मोकळे ट्रक, ट्रॉल्या वगैरे निघाल्या तोवर सगळे खूश. मग एकदा उसानं भरलेला दहा चाकी पाणंदीत मागच्या अॅक्सलपर्यंत बसला. वायर ताणली, ट्रक हलला नाही, विंचचा आवाज जड झाला आणि बंपरची उजवी बाजू आमच्या डोळ्यांसमोर खाली वाकत पुढं आली, वेल्डिंग एका टोकापासून फाटत गेलं. मी वायरवर दोन भिजवलेली पोती टाकायला लावली होती, त्यालाही आधी हसले होते सगळे. हूक सुटला तेव्हा वायर पोत्यांसकट जमिनीवर आपटली, नाहीतर समोर टोळीतली पोरं उभी होती. ह्यावर मिस्त्रीचं म्हणणं अजूनही हेच की विंचचा माल हलका होता. विंचला ओरखडा नव्हता हो, तीच विंच पुढं भावानं विकली आणि ती एका जीपवर चालतेय.

नंतर मी सांगितलं तसं बसवलं. २४ व्होल्टची विंच, दोन्ही बॅटऱ्यांवरनं. त्याच ताकदीला २४ वर करंट साधारण निम्मा लागतो. १२ व्होल्टवर १२,००० पौंडी विंच पूर्ण लोडला ४०० अँपिअरच्या आसपास खाते, त्यात जुन्या डायनॅमोचं योगदान नावापुरतं, म्हणजे सगळा भार बॅटऱ्यांवर. केबल ७० स्क्वेअर एमएम तांब्याची, आणि अर्थिंग चेसिसला नाही, वेगळी केबल थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. मध्ये आयसोलेटर स्विच, म्हणजे बॅटरीची लाईनच तोडणारा खटका, हवाच, सोलेनॉइड (विंचचा करंट चालू-बंद करतो तो) चिकटला तर विंच रिमोट सोडूनही थांबत नाही. माउंटिंगला १० एमएमची प्लेट, ती दोन्ही चेसिस रेलना आतून जाड अँगलनं बांधलेली आणि अँगल मागं लांबवर नेलेले, सगळं हाय टेन्साईल बोल्टवर. भोकं चेसिस रेलच्या उभ्या भागात पाडायची, वरच्या-खालच्या पट्टीत अजिबात नाही, आणि चेसिसवर वेल्डिंग करू देऊ नका, कितीही गोड बोलला तरी.

आता तुमच्या १२,००० पौंडाचं. म्हणजे ५,४४३ किलो, तेही ड्रमवर वायरचा सगळ्यात खालचा एकच थर राहिला असताना. वर थर चढत गेले की ओढ कमी होते, चौथ्या थरावर साधारण ७० टक्के धरा. गाडीच्या वजनाच्या दीडपट विंच हा नेहमीचा हिशेब लावला तर ही ३,६०० किलोच्या गाडीची विंच झाली, शक्तिमान रिकामीसुद्धा त्याच्या वर जाते. म्हणून स्नॅच ब्लॉक, म्हणजे वायर फिरवून आणायची कप्पी, घ्याच. ब्लॉक फसलेल्या गाडीला, हूक परत आपल्या चेसिसला, ओढ जवळपास दुप्पट आणि वेग निम्मा, वर मोटरही कमी तापते. पण मग फसलेल्या गाडीच्या ज्या हुकाला ब्लॉक लावलाय त्यावरही दुप्पट जोर येतो, तो हूक आणि शॅकल (जोडायची लोखंडी कडी) आधी बघा. आणि वायर कितीही सोडली तरी ड्रमवर पाच वेढे राहू द्या.

कंपनी म्हणाल तर वॉर्न ही अमेरिकन कंपनी परवडत असेल तर तिची घ्या, नाहीतर चायनीजमध्ये जिची २४ व्होल्टची मोटर आणि सोलेनॉइड वेगळे सुटे मिळतात ती घ्या. खर्चाचा एक आकडा सांगत नाही, फक्त विंचच्या पैशात बजेट संपवू नका. केबल, प्लेट, बोल्ट, ब्लॉक, आयसोलेटर आणि दोन एकसारख्या नव्या बॅटऱ्या ह्यांचे पैसे आधी बाजूला काढा, उरेल त्यात विंच. उलटं करणारे सगळे शेवटी बंपरला वेल्डिंगवर येतात.

हां, आणि तुमच्या गाडीला मूळची पीटीओवरची, म्हणजे इंजिनच्याच ताकदीवर फिरणारी विंच असेल तर ती काढू नका. रोजच्या कामाला तीच, इंजिन चालू आहे तोवर दमत नाही. इलेक्ट्रिक विंच थोडं ओढायचं, मोटरला हात लावून बघायचं, थांबायचं, अशीच चालवायची असते. ओढ्यात इंजिनच बंद पडलं तर मात्र पीटीओ काही कामाची नाही, तिथं बॅटरीवरचीच लागते. पुढं क्रॅशगार्ड, म्हणजे बंपरपुढचा लोखंडी सांगाडा, लावून त्यात विंच लपवायचा बेत असेल तर २०१७ च्या डिसेंबरपासून क्रॅशगार्डवर कारवाई करायच्या सूचना आहेत, आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याला आधी विचारा.

चेसिसच्या पुढच्या टोकाचे फोटो टाका, बंपर काढून, आतल्या बाजूनं. भोकं कुठं घ्यायची ते बघून सांगतो.