जुन्या ट्रकचा आर-१२ या जुन्या थंडाव्याच्या गॅसवर चालणारा एसी आर-१३४ए या नंतरच्या गॅसवर नेताना काय बदलावे लागते?

नुसता गॅस बदलून भागत नाही. आर-१२ सोबतचे मिनरल ऑइल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही, त्यामुळे कॉम्प्रेसरला वंगण मिळेनासे होऊन तो कालांतराने जाम होतो. म्हणून जुने तेल काढून एस्टर ऑइल भरावे आणि रिसीव्हर-ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) व ओ-रिंग (जोडांतल्या रबरी कड्या) नव्याच घालाव्यात. खरा फरक मात्र कंडेन्सरमुळे, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीमुळे पडतो. जुन्याच्या जागी पॅरलल-फ्लो (अनेक समांतर नळ्यांचा) कंडेन्सर बसवल्यास, विशेषतः ट्रक उन्हात उभा असताना, केबिन बऱ्यापैकी गार राहते. व्हॅक्यूम करून ओलावा काढल्यावर गॅस आर-१२ च्या मूळ वजनाच्या सुमारे ८० ते ८५ टक्केच भरावा. गॅस पाहायच्या काचेतले (साइट ग्लास) बुडबुडे जाईपर्यंत भरत राहण्याची जुनी सवय येथे घातक ठरते, कारण जादा गॅसने दाब चढतो आणि गारवा उलट घटतो.